ग्रीन कार्डाची रांग कुठे अडते, आणि स्वयंसेवक ती कशी हलवतात

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत परदेशी नोकरदारांसाठी असलेल्या एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावण्याचा आदेश निघाला. त्या रात्री अमेरिकेतल्या मराठी घरांमधले फोन थांबतच नव्हते. सुट्टीसाठी भारतात आलेल्या कितीतरी जणांनी मिळेल ते तिकीट काढून परतीचं विमान गाठलं. आधीपासून व्हिसा असलेल्यांना हे शुल्क नाही, हा खुलासा दुसऱ्या दिवशी आला. तोवर आईवडिलांनी एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारून झाला होता: "बारा वर्षं झाली तुला तिकडे. अजून कार्ड कसं नाही?"

कार्ड म्हणजे ग्रीन कार्ड, अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना. प्रश्न अगदी रास्त आहे. नोकरी आहे, कर भरला जातो, मुलं तिथल्या शाळेत जातात, कागदपत्रांत एकही चूक नाही; तरी रांग हलत नाही. ती का हलत नाही हे मी इथे समजावणार आहे. ती हलावी म्हणून नोकरी-संसार सांभाळून, पदरचे पैसे आणि सुट्ट्या खर्चून काम करणारे स्वयंसेवकांचे छोटे गट आहेत. ते नेमकं काय करतात आणि त्याने काय होतं, काय होत नाही, हेही सांगणार आहे. मी स्वतः असे फोन केलेत आणि अशा भेटींना गेलो आहे, त्यामुळे मला या कामाबद्दल आपुलकी आहे हे आधीच सांगून टाकतो.

## आधी दोन उशीर वेगळे करू

लोक सरसकट "बॅकलॉग" म्हणतात, पण त्या एका शब्दात दोन निरनिराळे उशीर लपलेले आहेत.

पहिला टेबलावरचा उशीर. अर्ज पोचलाय, शुल्क भरलंय, पण अधिकाऱ्याने फाइल उघडलेली नाही. वर्क परमिटचं नूतनीकरण महिनोन्महिने रखडतं, बोटांचे ठसे पुन्हा मागतात, फाइल एका केंद्रातून दुसरीकडे पाठवली जाते. हे अर्ज हाताळणारी संस्था यूएससीआयएस. पुढे मी तिला इमिग्रेशन खातं म्हणेन. हे खातं जवळजवळ पूर्णपणे अर्जदारांच्या शुल्कावर चालतं. त्यामुळे शुल्क आटलं किंवा माणसं कमी पडली की टेबलावर ढीग साचतो.

दुसरा कायद्यातला उशीर. इथे अधिकारी कितीही कामसू असला तरी उपयोग नाही, कारण वर्षाला किती कार्डं द्यायची तो आकडा संसदेने कायद्यात लिहून ठेवलाय. आकडा संपला की तयार फाइलसुद्धा तशीच पडून राहते.

पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. तोटीत कचरा अडकला असेल तर प्लंबरला बोलवायचं. टाकीत पाणीच मोजकं सोडलं जात असेल, तर प्लंबर काय करणार? तिथे पाणी सोडणाऱ्यांकडेच जावं लागतं. स्वयंसेवकांची अर्धी ताकद वाया जाते ती चुकीच्या दारावर धडका मारण्यात, म्हणून हा फरक मी आधी सांगितला.

## टाकीत पाणी किती, आणि तोट्या किती जाडीच्या?

नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डांची मर्यादा वर्षाला साधारण १,४०,००० आहे. ती १९९० च्या इमिग्रेशन कायद्याने ठरवली. तेव्हापासून अमेरिकेची अर्थव्यवस्था किती वाढली, इंटरनेट आलं, सगळा सॉफ्टवेअर उद्योग उभा राहिला. आकडा मात्र तोच आहे.

त्यातही मेख अशी की या १,४०,००० मध्ये फक्त नोकरदार मोजले जात नाहीत. त्यांचे नवरे, बायका आणि मुलंही त्यातच धरतात. चौघांचं कुटुंब चार कार्डं घेतं.

मग येते देशाची मर्यादा. एका वर्षात कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना एकूण कार्डांच्या सात टक्क्यांहून जास्त मिळू नयेत, असा नियम आहे. इथे नागरिकत्व पाहत नाहीत, जन्माचा देश पाहतात. चार लाखांच्याही आत लोकसंख्या असलेल्या आइसलँडला जी तोटी, तीच दीडशे कोटींच्या घरातल्या भारताला. १,४०,००० चे सात टक्के म्हणजे ९,८००. हे पुन्हा वेगवेगळ्या गटांत विभागलं जातं. आपले बहुतेक इंजिनिअर ज्या ईबी-२ या उच्च पदवीधरांच्या गटात असतात, त्यात भारताच्या वाट्याला हक्काने येतात साधारण २,८००. तिघांचं कुटुंब धरलं तर हजाराच्याही आत कुटुंबं झाली.

एक बारकावा इथे सांगायलाच हवा, कारण तो बऱ्याचदा चुकीचा सांगितला जातो. सात टक्के ही कमाल मर्यादा आहे, राखीव वाटा नव्हे. बाकीच्या देशांनी एखाद्या गटातली कार्डं वापरली नाहीत, तर उरलेली रांगेत सर्वांत आधीपासून उभ्या असलेल्यांना मिळतात. त्यामुळे काही वर्षी भारताला ९,८०० पेक्षा बरीच जास्त कार्डं मिळाली आहेत. पण उरलंसुरलं मिळण्यावर कुणी आयुष्याचं नियोजन करू शकत नाही.

## "डेट करंट" म्हणजे काय?

कंपनीने तुमच्यासाठी पहिला अर्ज ज्या दिवशी केला ती तुमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतला टोकन नंबर. दर महिन्याला अमेरिकेचं परराष्ट्र खातं व्हिसा बुलेटिन काढतं. आज कुठल्या तारखेपर्यंतच्या लोकांना बोलावतोय, हे त्यात लिहिलेलं असतं. तुमची तारीख त्याच्या आधीची असेल तर तुम्ही करंट. मागणी अंदाजापेक्षा वाढली तर ही तारीख पुढे सरकायच्या ऐवजी मागेही जाते. दारापाशी पोचलेल्या माणसाला पुन्हा फाटकाबाहेर उभं करण्यासारखं ते असतं.

२०२५ च्या उन्हाळ्यात भारताच्या ईबी-२ ची तारीख १ जानेवारी २०१३ वर अडकलेली होती. त्या दिवशी जन्मलेलं मूल तोवर बारा वर्षांचं झालं होतं.

केटो इन्स्टिट्यूट या अभ्याससंस्थेच्या २०२३ च्या हिशोबानुसार नोकरीच्या गटांत सुमारे १८ लाख अर्ज तुंबलेले होते आणि त्यांतले जवळपास ११ लाख भारतात जन्मलेल्यांचे होते. अमेरिकी संसदेच्या स्वतःच्या संशोधन विभागाने २०२० मध्ये गणित मांडलं, की ईबी-२ च्या रांगेत नव्याने उभ्या राहणाऱ्या भारतीयाला १९५ वर्षं थांबावं लागेल. आकडा ऐकून हसू नका. त्याचा सरळ अर्थ असा की नव्याने रांगेत लागलेल्यांपैकी बहुतेकांना ते कार्ड हयातीत मिळणार नाही.

याची सर्वांत जास्त झळ मुलांना बसते. आईवडिलांच्या अर्जावर अवलंबून असलेलं मूल २१ वर्षांचं झालं की त्या अर्जातून बाहेर पडतं. दोन वर्षांचं असताना आलेलं, मराठी मोडकंतोडकं बोलणारं पोर एकविसाव्या वाढदिवसाला कायद्याच्या नजरेत एकदम परकं होतं. मग त्याला परदेशी विद्यार्थी म्हणून नव्याने व्हिसा काढावा लागतो किंवा देश सोडावा लागतो. वय मोजण्यात थोडी सवलत देणारा कायदा २००२ मध्ये झाला खरा, पण दहा-बारा वर्षांच्या रांगेपुढे ती सवलत अपुरी पडते.

## मग स्वयंसेवक करतात तरी काय?

टेबलावरच्या उशीरासाठी एक दार आहे जे पुष्कळांना माहीतच नसतं. प्रत्येक खासदाराच्या मतदारसंघातल्या कार्यालयात लोकांच्या सरकारी अडचणी पाहणारा कर्मचारी असतो. त्या कामाला केसवर्क म्हणतात. तुम्ही नागरिक नसलात तरी त्या मतदारसंघात राहत असलात तर मदत मागू शकता. माहिती विचारायला संमती देणारा एक फॉर्म सही करून द्यावा लागतो. मग ते कार्यालय इमिग्रेशन खात्याला विचारणा करतं. त्याने अर्ज मंजूर होतो असं नाही, रांगही मोडता येत नाही; पण हरवलेली फाइल सापडते, चुकून थांबलेलं काम सुरू होतं. स्वयंसेवक हे दार दाखवतात, कोणते कागद जोडायचे ते सांगतात. बस, इतकंच. कुठला फॉर्म भर, काय उत्तर लिही, हा कायदेशीर सल्ला झाला आणि तो वकिलाने किंवा सरकारमान्य प्रतिनिधीनेच द्यायचा असतो. चांगला गट ही रेषा कधी ओलांडत नाही.

दुसरं काम नियमांवर हरकती-सूचना पाठवण्याचं. कुठलंही सरकारी खातं मोठा नियम करतं तेव्हा आधी मसुदा प्रसिद्ध करून लोकांचं म्हणणं मागवतं, आणि महत्त्वाच्या मुद्द्यांना अंतिम नियमात उत्तर द्यावं लागतं. इथे मतदार असण्याची अट नाही. एच-४ व्हिसावर आलेल्या, म्हणजे मुख्यतः एच-१बी नोकरदारांच्या बायकांपैकी ज्यांच्या नवऱ्यांचा ग्रीन कार्डाचा अर्ज बराच पुढे गेला होता त्यांना काम करण्याची परवानगी मिळाली ती २६ मे २०१५ पासून. त्या मसुद्यावर जवळपास १३,००० अभिप्राय आले होते. घरी बसून करिअर गंजत चाललेल्या कितीतरी बायकांनी त्यात स्वतःची कहाणी लिहिली. मला हे काम सर्वांत आवडतं. शांतपणे, रात्री मुलं झोपल्यावर करता येतं आणि सरकारी दप्तरात कायमचं राहतं.

तिसरं आणि सर्वांत कष्टाचं काम म्हणजे कायदा बदलण्यासाठी खासदारांना भेटणं. त्याबद्दल पुढे येतोच.

## जुलै २००७: फुलं आणि त्यांची मर्यादा

जून २००७ मध्ये व्हिसा बुलेटिनने जाहीर केलं, की जुलैत नोकरीच्या जवळपास सगळ्या गटांच्या तारखा करंट होतील. हजारो कुटुंबांनी धावपळ केली. वैद्यकीय तपासण्या झाल्या, वकिलांची फी भरली गेली, काहींनी भारतातली लग्नकार्यं सोडून परत यायचं ठरवलं, कारण अर्ज करताना अमेरिकेत हजर असावं लागतं. आणि २ जुलैला सरकारने सांगितलं, आकडे संपले, अर्ज घेणार नाही.

संतापलेल्या अर्जदारांनी गांधीगिरी केली. १० जुलैला इमिग्रेशन खात्याच्या संचालकांच्या नावे शेकडो पुष्पगुच्छ पोचले. संचालकांनी ती फुलं जखमी सैनिकांच्या रुग्णालयाकडे पाठवून दिली. त्याच आठवड्यात सॅन होजेमध्ये मोर्चा निघाला. १७ जुलैला निर्णय फिरला आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज घेतले गेले.

फुलांनी सरकार हललं, असं सांगायला छान वाटतं. खरं पाहता तीन दाब एकाच वेळी पडत होते. फुलांमुळे बातमी झाली, खासदार झोई लॉफग्रेन यांनी सरकारला जाब विचारला, आणि वकिलांनी कोर्टाची वाट धरली होती. एकेकट्याने कदाचित भागलं नसतं.

आता त्या विजयाने काय मिळालं ते पाहा. अर्ज दाखल झाल्याने वर्क परमिट मिळालं, प्रवासाची मोकळीक मिळाली, सहा महिन्यांनंतर तशाच कामाची दुसरी नोकरी धरता येऊ लागली. आयुष्य बरंच सुकर झालं. पण कार्डांचा आकडा एकानेही वाढला नाही. अर्ज दाखल केलेले पुष्कळ जण पुढे कित्येक वर्षं थांबलेच. तोटीतला कचरा निघाला, टाकी तेवढीच राहिली.

## कायदा बदलणं इतकं अवघड का?

देशाची मर्यादा काढावी यासाठी अर्जदारांचे गट २००५ च्या आसपासपासून झटत आहेत. इमिग्रेशन व्हॉइस ही संघटना अशाच अडकलेल्या लोकांनी उभारली. त्यांचं काहीच झालं नाही असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत: नोव्हेंबर २०११ मध्ये असं विधेयक संसदेच्या दोन सभागृहांपैकी प्रतिनिधीगृहात ३८९ विरुद्ध १५ मतांनी मंजूर झालं. जुलै २०१९ मध्ये पुन्हा, ३६५ विरुद्ध ६५. दोन्ही पक्षांची मतं मिळाली होती.

मग अडलं कुठे? सिनेटमध्ये, म्हणजे दुसऱ्या सभागृहात. तिथे वेळ वाचवण्यासाठी विधेयक सर्वसंमतीने मांडण्याची पद्धत आहे, आणि शंभरांतल्या एकाही सिनेटरने हरकत घेतली की ते थांबतं. २०१९ मध्ये अशा हरकतींमुळे विधेयक अडलं. स्वयंसेवक प्रत्येक हरकतीमागचं कारण शोधत गेले, तडजोडी होत गेल्या, आणि २ डिसेंबर २०२० ला सिनेटनेही ते मंजूर केलं. पण तडजोडींमुळे सिनेटचा मजकूर प्रतिनिधीगृहाच्या मजकुरापेक्षा वेगळा झाला होता. दोन्हींचा मेळ बसायच्या आत संसदेची मुदत संपली, आणि मुदत संपली की विधेयक मरतं. पुन्हा पहिल्यापासून. डिसेंबर २०२२ मध्ये नवं विधेयक मतदानाच्या तोंडावर आलं आणि मतदान झालंच नाही.

त्या रात्री आमच्या गटातल्या एका बाईंनी फक्त एवढंच लिहिलं: "माझ्या मुलीला मार्चमध्ये एकवीस पूर्ण होतील." त्याला उत्तर काय द्यायचं हे मला आजही सुचलेलं नाही.

## "हा तर दुसऱ्याच्या तोंडचा घास काढणं झालं"

हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकणं मला पटत नाही. देशाची मर्यादा नुसती काढली आणि एकूण आकडा तेवढाच ठेवला, तर रांग कमी होत नाही. फक्त कोण किती थांबतं ते बदलतं. ज्या देशांच्या लोकांना आज फारसं थांबावं लागत नाही, त्यांना काही वर्षं थांबावं लागेल. म्हणूनच या विधेयकांत बदल टप्प्याटप्प्याने करण्याची आणि काही कार्डं इतरांसाठी राखून ठेवण्याची तरतूद होती.

माझं मत असं, की जन्माचा देश पाहून एकाला दोन वर्षं आणि त्याच कामासाठी दुसऱ्याला आयुष्यभर थांबवणं अन्याय्यच आहे. पण गटांनी तेवढ्यावर न थांबता बायको-मुलांना आकड्यातून वगळण्याची आणि वाया गेलेली कार्डं परत मिळवण्याची मागणीही तितक्याच जोराने करावी. त्यात कुणाचाच घास जात नाही. कार्डं वाया जातात म्हणजे काय? करोनाकाळात वकिलाती बंद असल्याने नातेवाइकांसाठीच्या कुटुंबगटातली कार्डं उरली आणि नियमानुसार पुढच्या वर्षी नोकरीच्या गटाकडे आली. २०२१ च्या सरकारी वर्षात त्यामुळे मर्यादा २,६२,००० च्या घरात गेली होती. पण टेबलावरचं काम वेळेत उरकलं नाही आणि ते वर्ष संपलं त्या ३० सप्टेंबरला ६६,००० हून अधिक कार्डं बाद झाली. टाकीत पाणी आलं आणि तोटी तुंबलेली. पुढच्या वर्षी चहूबाजूंनी दबाव आल्यावर खात्याने जवळपास सगळी कार्डं वापरून दाखवली.

## "अमेरिकन लोकांच्या नोकऱ्या जातात"

रांगेतले बहुतेक लोक आधीपासूनच तिथे काम करत आहेत. कार्ड दिल्याने नवा माणूस येत नाही. उलट कार्ड नसलेला माणूस एकाच कंपनीला बांधलेला असतो. पगार कमी वाटला तरी सहज सोडून जाऊ शकत नाही, स्वतःचा धंदा काढून चार जणांना काम देऊ शकत नाही. अशा बांधलेल्या माणसाशेजारी बसणाऱ्या अमेरिकन सहकाऱ्याचाही त्यात तोटाच आहे. एच-१बी व्यवस्थेचा गैरवापर होतो ही तक्रार वेगळी आणि बऱ्याच अंशी खरी आहे. तिच्यावर उपाय हवाच, पण रांग लांबवणं हा तो उपाय नव्हे.

## "माझं मतच नाही, मग माझं कोण ऐकणार? आणि नाव पुढे आलं तर?"

सरकारकडे गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क अमेरिकेच्या घटनेतल्या पहिल्या दुरुस्तीत आहे आणि तो "लोकांना" दिलेला आहे. मतदार असाल तरच, अशी अट तिथे नाही. तरीही हल्लीच्या वातावरणात नाव पुढे करायला भीती वाटली तर ती समजण्यासारखी आहे. कुणी त्यावरून टोमणे मारू नयेत. पडद्यामागे माहिती गोळा करणं, मसुदे लिहिणं, नव्या लोकांना समजावणं ही कामं कायम अपुऱ्या हातांनी चाललेली असतात. आपल्या केसमध्ये काही नाजूक असेल तर आधी वकिलाला विचारावं.

मत नसल्याची उणीव भरून काढायला मत असलेल्यांना सोबत घ्यावं लागतं. शेजारी, मुलाची शिक्षिका, ऑफिसातला वरिष्ठ, आणि ज्यांना कार्ड मिळून पुढे नागरिकत्वही मिळालंय असे आपलेच लोक. हे शेवटचे बहुतेक वेळा कार्ड हातात पडलं की गटातून दिसेनासे होतात. दमलेले असतात, मला ते कळतं. पण ज्यांना रांग आतून माहीत आहे आणि मतही आहे, त्यांच्या एका फोनचं वजन माझ्या दहा फोनांपेक्षा जास्त असतं.

दोन नियम मात्र पक्के लक्षात ठेवा. ग्रीन कार्ड मिळेपर्यंत कुठल्याही उमेदवाराला किंवा निवडणुकीच्या निधीला एक डॉलरही द्यायचा नाही. तो गुन्हा ठरतो. संघटनेला वर्गणी देता येते. आणि एच-१बी वर असताना स्वयंसेवा बिनपगारीच हवी, आणि ज्या कामासाठी एरवी पगारी माणूस ठेवला जातो ते काम फुकटात करणंही अडचणीत आणू शकतं.

## जिंकलेलं टिकतं का?

नेहमी नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये इमिग्रेशन खात्याने मुलांचं वय मोजण्याची पद्धत सैल केली आणि काही मुलं वाचली. ऑगस्ट २०२५ मध्ये तीच पद्धत पुन्हा कडक झाली. खात्याच्या धोरणाने मिळालेलं खात्याच्याच धोरणाने जातं. कायद्यात लिहिलेलं पुसायला मात्र पुन्हा संसदच लागते. म्हणून इतक्यांदा पडूनही विधेयकाचा पाठपुरावा सोडत नाहीत.

## पहिली भेट कशी असते

वॉशिंग्टनला जायलाच हवं असं नाही. संसदेला सुट्टी असते तेव्हा, विशेषतः ऑगस्टमध्ये, खासदार आपापल्या मतदारसंघात असतात. तिथल्या कार्यालयाची वेळ घ्या. बहुधा खासदार भेटत नाहीत, एखादा तरुण कर्मचारी भेटतो. याने हिरमुसू नका. खासदारापुढे जाणारं टिपण तोच लिहितो.

पंधरा-वीस मिनिटं मिळतात. तिघे-चौघे जा, त्यात मतदार असलेला एक तरी असू द्या. पहिल्या मिनिटाला सांगा की आम्ही याच मतदारसंघात राहतो. मग एकाच कुटुंबाची गोष्ट, तारखांसकट. आकडे नंतर, तेही दोनच. माझ्या पहिल्या भेटीत मी सगळा कायदा समजावत बसलो आणि समोरच्या मुलीने विनम्रपणे विचारलं, "पण आम्ही नेमकं काय करावं असं तुम्हाला वाटतं?" तेव्हा वेळ संपत आली होती. म्हणून मागणी एका वाक्यात, विधेयकाच्या क्रमांकासह, घरूनच लिहून न्या. टेबलावरच्या उशीराची तक्रार आणि कायद्याची मागणी एकाच भेटीत मिसळू नका. ती दोन वेगळ्या माणसांची कामं असतात. निघताना एक पानाचं टिपण ठेवा. त्यांनी विचारलेल्या ज्या प्रश्नाचं उत्तर आलं नसेल ते वहीत लिहून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत ते उत्तर ईमेलने पाठवा. पुढच्या वेळी फोन केलात की ते तुम्हाला नावाने ओळखतात.